परीक्षेपूर्वीचा उन्हाळा

कायद्याच्या विद्यार्थ्याला शेवटच्या परीक्षेपूर्वी जो उन्हाळा मिळतो, तो त्याच्या आयुष्यांतला बहुधा अखेरचा स्वतःच्या मालकीचा काळ असतो. त्यापुढें त्याचे दिवस पक्षकारांचे होतात, आणि उन्हाळा आलाच तर कोर्टाची सुटी म्हणून येतो. म्हणूनच कीं काय, पुढें नांवारूपास आलेली कायदेपंडित मंडळी आठवणी लिहावयास बसली म्हणजे त्यांची लेखणी या उन्हाळ्याकडे हटकून वळते आणि तेथें अंमळ रेंगाळते. स्टीव्हन्सन १८७५ सालीं एडिंबरोस वकिलीच्या परीक्षेंतून पार पडला आणि दोनच वर्षांनीं त्यानें ‘कॉर्नहिल’ मासिकांत आळशांची कैफियत मांडणारा निबंध छापला. त्याची वकिली पुढें झाली ती बहुतेक एवढीच! पण आठवण जेथें रेंगाळते तेथेंच ती घसरतेही, आणि अशाच एका घसरण्याचा शोध घेण्याचा आज विचार आहे.

ज्या विद्यार्थ्याविषयीं मला लिहावयाचें आहे त्याचें नांव मोहनदास करमचंद गांधी. ता. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं तो मुंबईहून आगबोटींत बसला, नोव्हेंबरांत लंडनच्या ‘इनर टेंपल’मध्यें त्याचें नांव दाखल झालें, आणि ता. १० जून १८९१ रोजीं तो बॅरिस्टर झाला. पुढें एका दिवसानें हायकोर्टांत नांव नोंदवून, ता. १२ रोजीं तो परतीच्या वाटेला लागला. या लेखांत त्या विद्यार्थ्याला मी मोहनदास म्हणेन, आणि सुमारें पस्तीस वर्षांनीं, म्हणजे १९२५ पासून ‘नवजीवना’मध्यें त्याची हकीकत लिहिणाऱ्यांना गांधीजी म्हणेन. दोघे एकच, हें शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. तरी प्रस्तुत वादाचें मूळ, ते दोघे सर्वस्वी एक नव्हते, यांतच आहे.

त्या काळचें बॅरिस्टरीचें शिक्षण आजच्या विद्यार्थ्याला खोटें वाटेल. बारा टर्म्स पुऱ्या करावयाच्या, म्हणजे सुमारें तीन वर्षें काढावयाचीं. आणि टर्म पुरी करावयाची म्हणजे ‘जेवावयाची’. प्रत्येक टर्ममध्यें सुमारें चोवीस जेवणें होत, त्यांपैकीं निदान सहांना हजर राहिलें कीं झालें. चार जणांमागें दारूच्या दोन बाटल्या मिळत, त्यामुळें न पिणारा मोहनदास आपल्या पंक्तीला असावा म्हणून इतरांची ओढाताण चाले, हें गांधीजींनीं मोठ्या मिस्किलपणें सांगितलें आहे. परीक्षा दोन : एक रोमन कायद्याची, दुसरी इंग्लंडच्या कायद्याची. पहिलींत शंभरांतले पंचाण्णवांहून अधिक व दुसरींत पंचाहत्तर किंवा त्याहून अधिक उमेदवार पास होत, आणि टिपणें पाठ करून पहिलीचा निकाल दोन आठवड्यांत व दुसरीचा दोन-तीन महिन्यांत लावणारे महाभाग पुष्कळ असत. अर्थात् इतर वेळ मोकळा. वडिलांच्या किंवा भावाच्या पैशावर लंडनला आलेल्या हिंदी तरुणाला तीन वर्षांचा असा मोकळेपणा देणें म्हणजे त्याची केवढी परीक्षा होती, हें त्या परीक्षकांच्या ध्यानांत कधीं आलें असेल असें वाटत नाहीं.

मोहनदासानें हा मोकळा वेळ प्रथम कसा घालविला, तें प्रसिद्धच आहे. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांना शिवविलेला संध्याकाळचा पोषाख. भावाकडून मागविलेली घड्याळाची दुपदरी सोन्याची साखळी. तीन पौंड भरून नाचाची शिकवणी, ती तीन आठवड्यांत सहा धड्यांवर आटोपली. कान तयार व्हावा म्हणून घेतलेलें व्हायोलिन. आणि वक्तृत्व शिकविणाऱ्या मास्तरांना दिलेली एक गिनी. हें वेड तीनेक महिने टिकलें. मग त्यानें व्हायोलिन विकावयास काढलें आणि खर्चाची पै न् पै लिहूं लागला. ही हकीकत शाळेच्या पुस्तकांत येते ती बोधकथा म्हणून, आणि बोधकथेला सनावळीची गरज नसते. इतिहासाला मात्र ती लागते.

आतां पॅरिसची गोष्ट. ‘आत्मकथे’त गांधीजी लिहितात कीं १८९० सालीं पॅरिसला मोठें प्रदर्शन भरलें होतें, त्याच्या तयारीचीं वर्णनें वाचनांत आलीं होतीं, पॅरिस पाहण्याची इच्छाही होती, तेव्हां दोन्ही गोष्टी एकदमच साधाव्या असें ठरविलें. तेथें एक शाकाहारी उपाहारगृह असल्याचें ऐकलें होतें, तेथेंच त्यांनीं खोली घेतली व सात दिवस मुक्काम केला. शहराचा नकाशा, प्रदर्शनाचा नकाशा व मार्गदर्शक पुस्तिका घेऊन बहुतेक पायींच भटकंती केली. प्रदर्शनाची विविधता व भव्यता यांपलीकडे त्यांना त्याचें कांहीं आठवत नव्हतें. आयफेल मनोऱ्यावर मात्र ते दोन-तीन वेळां चढले, आणि त्याच्या पहिल्या मजल्यावरील उपाहारगृहांत, आपण इतक्या उंचीवर जेवलों असें म्हणतां यावें एवढ्याचसाठीं, सात शिलिंग उधळले. पुढें टॉलस्टॉयनें हा मनोरा म्हणजे माणसाच्या मूर्खपणाचें स्मारक आहे असें म्हटल्याचा ते उल्लेख करतात व त्याला मान डोलवितात. उलट नोत्र दामच्या मंदिरांत कुमारी मातेपुढें गुडघे टेकणारीं माणसें पाहून त्यांना वाटलें कीं हीं कांहीं दगडाची पूजा करीत नाहींत. वैष्णवाच्या घरांत वाढलेल्या मुलाला हें समजावयास पॅरिसला जावें लागलें, याचा आपल्या पंढरीच्या वाटेवरील माणसाला थोडा विस्मय वाटेल. पण मिशनऱ्यांच्या टीकेनें भरलेल्या त्या काळांत मूर्तिपूजेविषयीं शरमिंदे झालेले आपले सुशिक्षित किती होते, हें आठवलें म्हणजे विस्मय उरत नाहीं.

अडचण अशी कीं पॅरिसचें तें प्रदर्शन १८९० सालीं भरलेंच नव्हतें. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त तें १८८९ च्या मे महिन्यांत उघडलें आणि त्याच वर्षीं शरद ऋतूंत मिटलें. तेवढ्या अवकाशांत तीन कोटींहून अधिक माणसें तें पाहून गेलीं. तीनशें मीटर उंचीचा आयफेल मनोरा याच प्रदर्शनासाठीं उभारला होता. मागाहून तो राहिला, प्रदर्शन राहिलें नाहीं. म्हणून कोणी म्हणेल कीं मोहनदास १८९० मध्येंच गेला, मनोरा पाहिला, आणि म्हाताऱ्या स्मृतीनें भोंवतीं प्रदर्शन उभें केलें. मला हें पटत नाहीं. प्रदर्शनाचा नकाशा आणि मार्गदर्शक पुस्तिका हातांत घेऊन माणूस मिटलेल्या प्रदर्शनांत हिंडत नाहीं. आणि तयारीचीं वर्णनें आधीं वाचल्याचें जें सांगितलें आहे तें १८८८-८९ च्या हिवाळ्याशीं नेमकें जुळतें. हिंदुस्थानांत असतांना वर्तमानपत्र कधीं न वाचलेला हा मुलगा लंडनला आल्यावरच रोज दोन-तीन पत्रें चाळूं लागला होता, आणि त्या हिवाळ्यांत मनोऱ्याची चर्चा वृत्तपत्रांत चालली होती. तेव्हां सालाचा आंकडा चुकला, गोष्ट चुकली नाहीं, असेंच मानणें सयुक्तिक होय.

एका वर्षानें काय बिघडतें, असें विचारणारा वाचक मला दिसतो आहे. वर्गांतले माझे विद्यार्थीही हेंच विचारतात, आणि सनावळीचा कंटाळा मलाही त्यांच्या वयांत होता. पण येथें एका वर्षानें सात शिलिंगांचा अर्थच बदलतो. मोहनदास १८९० च्या आरंभीं लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशनला बसला व लॅटिनमध्यें नापास झाला. त्यानंतर त्यानें राहणी आणखी उतरविली : दोन खोल्या सोडून एक घेतली, स्टोव्ह आणला, सकाळीं ओटची लापशी व कोको स्वतः करावयाचा, दुपारीं बाहेर जेवावयाचें, रात्रीं पुन्हां कोको व पाव. जेवणाखाणाचा रोजचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. आतां हिशेब करून पाहावा. पॅरिसची सहल या राहणीनंतरची, म्हणजे १८९० ची असेल, तर मनोऱ्यावरचे ते सात शिलिंग म्हणजे साडेपांच दिवसांचें अन्न एका बैठकीस उडविलें असें होतें, आणि ‘उधळले’ हा शब्द विद्यार्थ्याच्या पोटांतून आलेला ठरतो. सहल १८८९ ची असेल, तर एकोणीस शिलिंगांची टोपी घालून कांहीं महिनेच लोटलेले होते. तेव्हां सात शिलिंगांचें त्याला काय वाटावें? तो आनंदानें जेवला असेल, इतकेंच नव्हे तर घरीं लिहिलेल्या पत्रांत त्याची बढाईही मारली असेल. मग पश्चात्ताप कोणाचा? तो आश्रमांत सुताच्या हिशेबाला बसलेल्या गांधीजींचा. वीस वर्षांच्या मोहनदासाचा नव्हे.

पण याची दुसरी बाजूही आहे. सहल १८८९ ची धरली तर शाकाहारी खाणावळींत उतरून, नकाशा हातीं धरून पायीं हिंडणारा हा तरुण विलायतेंत येऊन वर्षही न झालेला, किंवा जेमतेम झालेला आहे. म्हणजे काटकसरीचें वळण त्याला सावकाश, दोन वर्षांच्या ठेचा खाऊन लागलें असें नसून, नाचाच्या शिकवणीच्या पाठोपाठच लागलें होतें. उंच टोपी आणि पायपीट हीं एकाच उन्हाळ्यांत शेजारीं नांदत होतीं. पोषाखाचा चोखंदळपणा पुढेंही कित्येक वर्षें टिकला, असें गांधीजी स्वतःच सांगतात. आधीं विलासी व मग विरागी अशी सरळ उतरंड शाळेच्या पुस्तकाला सोयीची पडते. जिवंत माणूस मात्र एका खिशांत सोन्याची साखळी आणि दुसऱ्यांत पैचा हिशेब घेऊनच बोटीवर चढलेला असतो.

मग परीक्षेपूर्वीचा खरा उन्हाळा, म्हणजे १८९० चा, कसा गेला? रोमन कायद्याची परीक्षा त्यानें मार्चांत दिली होती. टिपणांवर भागत असतांही त्यानें जस्टिनिअन मूळ लॅटिनमध्यें वाचला. दोनदां गिरविलेल्या लॅटिनचा हा असा उपयोग झाला, आणि पुढें दक्षिण आफ्रिकेंत, जेथें रोमन-डच कायदा चालतो तेथें, तो पुन्हां झाला. जूनमध्यें मॅट्रिक्युलेशनला दुसऱ्यांदा बसून तो पास झाला. शेवटची परीक्षा डिसेंबरांत होती. इंग्लंडच्या कायद्यावर आपण नऊ महिने बरीच मेहनत घेतली असें गांधीजी लिहितात, आणि मार्च ते डिसेंबर हे नेमके नऊ महिने होतात. या ठिकाणीं त्यांची आठवण अक्षरशः खरी आहे. ब्रूम, स्नेल, व्हाइट आणि टयूडर, विल्यम्स, गुडीव्ह अशी ती पुस्तकांची रांग आहे. विलायती उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. तेथें लोक ऊन खाण्याकरितां घराबाहेर पडतात, आपल्यासारखे उन्हाला भिऊन घरांत बसत नाहींत. त्या दिवसांत हा एका खोलींत ‘इक्विटी’ वाचीत बसला होता. सप्टेंबरांत लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितींत त्याला घेतलें, एवढाच काय तो बाहेरचा व्याप. गंमत म्हणण्यासारखी गोष्ट या उन्हाळ्यांत एकही सांपडत नाहीं.

आणि आश्चर्य हें कीं गांधीजींच्या आठवणींत गंमत जमा झाली आहे ती याच सालाच्या खात्यावर! पॅरिस तर आपण पाहिलेंच. पोर्टस्मथची हकीकत घ्या. तेथील शाकाहारी परिषदेस एका हिंदी मित्राबरोबर ते गेले. उतरण्याची सोय झाली ती ज्या घरीं, तेथील बाईची राहणी सैल होती. रात्रीं पत्त्यांचा डाव मांडला, थट्टामस्करी शब्दांवरून कृतीवर येण्याच्या बेतांत आली, आणि मित्रानेंच वेळेवर दटावल्यामुळें मोहनदास थरथरत आपल्या खोलीकडे पळाला. दुसऱ्या दिवशीं त्यानें गांव सोडलें. ही परिषद विलायतेंतील आपल्या शेवटच्या वर्षीं, म्हणजे १८९० सालीं झाली, असें, आठवतें तेवढ्यावरून म्हणून, गांधीजी लिहितात. शेवटचें वर्ष बरोबर आहे, आंकडा नाहीं. पोर्टस्मथची परिषद १८९१ च्या मे महिन्यांतली. हिंदुस्थानांतील अन्नांविषयींचा मोहनदासाचा निबंध तींत वाचला गेला. त्या वेळीं शेवटची परीक्षा पास होऊन त्याला चार महिने झाले होते. फक्त टर्म्स पुऱ्या होण्याची वाट पाहणें उरलें होतें. अभ्यासानें शिणलेल्या विद्यार्थ्याचा तोल जाणें निराळें, आणि परीक्षेचें ओझें उतरलेल्या, घरीं परतण्यास महिना उरलेल्या विवाहित माणसाचा तोल जाणें निराळें. दुसऱ्यांत अधिक धोका असतो, हें ज्यानें परीक्षेनंतरचा महिना मोकळा काढला आहे त्याला सांगावयास नको.

थिऑसफीवाल्या दोघां भावांचेंही तसेंच. त्यांच्या आग्रहानें मोहनदासानें एडविन आर्नोल्डच्या भाषांतरांतून गीता प्रथम वाचली. हें दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस घडलें असें गांधीजी म्हणतात. तीन वर्षांच्या हिशेबानें तें १८९० मध्यें पडतें. पण त्याच पानांवर ते सांगतात कीं त्या भावांनीं ॲनी बेझंटबाईंची भेट करून दिली, व बाई नुकत्याच थिऑसफिकल सोसायटींत आल्या होत्या. बाईंचा प्रवेश १८८९ चा. ‘नुकत्याच’ हा शब्द एका वर्षाकडे ओढतो, ‘दुसऱ्या वर्षाची अखेर’ दुसऱ्याकडे. याचा निकाल मी लावीत नाहीं.

स्मरणशक्ति एरव्हीं दुबळी होती असें मात्र म्हणवत नाहीं. बंदरावरील मजुरांचा गाजलेला संप त्यांनीं बरोबर १८८९ चा म्हणून लिहिला आहे. तो मिटविण्यांत हातभार लावल्याबद्दल नारायण हेमचंद्र या विक्षिप्त पण निर्मळ लेखकाला घेऊन मोहनदास कार्डिनल मॅनिंग यांच्या भेटीस गेला होता. तो संप ऑगस्ट-सप्टेंबर १८८९ मधला, म्हणजे पॅरिसच्या प्रदर्शनाच्याच ऋतूंतला. ब्रायटनच्या सहलींत, फ्रेंच भाषेंतील खाद्यपदार्थांची यादी न समजून गोंधळला असतां मदतीस आलेली म्हातारी बाई पहिल्या वर्षीं भेटली, हेंही ते ठामपणें सांगतात. व्हेंटनरच्या टेंकड्यांवर घरमालकिणीची मुलगी बाणासारखी खालीं उतरली व हे बसत-सरपटत कसे उतरले, याला मात्र सालच दिलेलें नाहीं. आणि तें न देण्यांतच शहाणपण आहे.

माझा तर्क असा. परीक्षेच्या आधींच्या उन्हाळ्यांत मन जें जें करावेंसें वाटूनही करीत नाहीं, तें तें पुढें स्मृति त्या रिकाम्या जागेंत आणून ठेवते. पुस्तकांनीं भरलेला काळ आठवणीला रिकामाच दिसतो, कारण पानांना चेहरा नसतो, मनोऱ्याला असतो.

आपल्याकडील एक जोडी या संदर्भांत डोळ्यांपुढें येते. डेक्कन कॉलेजांत १८७९ सालीं कायद्याचा अभ्यास करणारे टिळक व त्यांचे स्नेही आगरकर यांनीं सरकारी नोकरी न करतां शिक्षणास वाहून घेण्याचा निश्चय केला. त्याच वर्षीं टिळक एल्‌एल्. बी. झाले, आणि १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. त्या दिवसांच्या गोष्टी मराठी वाचकाला तोंडपाठ आहेत. परंतु टिळकांविषयींच्या आठवणी व आख्यायिकांचे बापटांनीं जमविलेले ग्रंथ बाहेर पडले ते टिळक गेल्यावर, १९२४ पासून पुढें, म्हणजे त्या दिवसांना पंचेचाळीस वर्षें होत आलीं तेव्हां. ग्रंथाच्या नांवांतच ‘आख्यायिका’ हा शब्द घालणाऱ्या संपादकाच्या प्रामाणिकपणाचें मला कौतुक वाटतें. त्या मानानें आगरकरांचें डोंगरीच्या तुरुंगांतील एकशेंएक दिवसांवरचें पुस्तक १८८२ च्या शिक्षेनंतर लवकरच लिहिलें गेलें, आणि त्यांतील तपशिलावर आपण निराळ्या धीटपणानें विसंबतों. टिळकांच्या पोहण्याच्या, व्यायामाच्या व थट्टामस्करीच्या ज्या कथा आपण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला चिकटवितों, त्या कोणत्या वर्षाच्या, याचा असाच एकदां हिशेब व्हावयास पाहिजे.

मोहनदासाच्या बाबतींत मात्र हिशेबाला साधन होतें. लंडनला आल्यावर लवकरच, १८८८ च्या नोव्हेंबरांत, त्यानें इंग्रजींत रोजनिशी लिहावयास घेतली होती. ती सुमारें एकशेंवीस पानांची झाली. १९०९ सालीं छगनलाल गांधी प्रथमच लंडनला निघाले, तेव्हां तिचा उपयोग होईल म्हणून गांधीजींनीं ती त्यांना दिली. छगनलालांनीं ती १९२० सालीं महादेवभाई देसायांकडे सोंपविली. सोंपविण्यापूर्वी त्यांनीं आपल्या वहींत सुमारें वीस पानें उतरून घेतलीं होतीं. तीं तेवढीं आज छापील स्वरूपांत मिळतात. उरलेलीं शंभर मिळत नाहींत. वीस पानांत आहे ती विलायतेस जाण्याच्या खटपटीची, बोटीवरच्या प्रवासाची आणि लंडनला उतरेपर्यंतची हकीकत.